चौघांनी म्हटलेलं राष्ट्रगीत

आई, गेल्या शनिवारी संध्याकाळी मी वेल्सचं राष्ट्रगीत म्हटलं. वेल्स म्हणजे इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेला एक लहानसा देश. तू असतीस तर पोळी लाटता लाटता पहिल्यांदा विचारलं असतंस, तिथे केळी होतात का. भुसावळला आल्यापासून कुठल्याही गावाची चौकशी तू तिथूनच सुरू करायचीस. होत नाहीत. कोळसा निघायचा, तोही संपत आला म्हणे. पाऊस भरपूर आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, असं ऐकून आहे. मी काही गेलेलो नाही. मी इथे सौदीत, तांबड्या समुद्राच्या काठी, राबिगजवळच्या एका कंपाउंडमध्ये राहतो. सकाळी बस येते, प्लँटवर नेते, संध्याकाळी आणून सोडते. मुलीची दहावी झाल्यावर बायको तिला घेऊन पुण्याला गेली, त्यामुळे तीन खोल्यांच्या व्हिलात मी, फ्रीज आणि एसी असे तिघं राहतो आणि बोलायचं काम त्या दोघांकडे असतं. राष्ट्रगीताचं पुण्याला फोनवर सांगून पाहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो रँडम." बायकोने गुडघा कसा आहे ते विचारलं. दोघींचं काही चुकलं नाही, पण फोन ठेवल्यावर मला कोणाला तरी पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि मोजदाद केली तेव्हा यादीत तू एकटीच निघालीस.

वेल्सचा एक माणूस आमच्याकडे ऑपरेटर लोकांना शिकवायला होता. साठी उलटलेला, लालबुंद, बोलायला लागला की बंद करायचा व्हॉल्व्ह सापडू नये असा. मी इथे आलो तेव्हा त्याच्या देशाचे दहा-बाराजण होते. रग्बी नावाचा त्यांचा खेळ आहे, चिखलात लोळायचा. सामना असला की कंपाउंडच्या क्लबहाऊसमध्ये टीव्हीसमोर ते सगळे लाल शर्ट घालून जमायचे. मला खेळ कळायचा नाही, मी समोशांसाठी जायचो. पण सामन्याआधी टीव्हीवर मैदानातले लोक राष्ट्रगीत म्हणायला लागले की हे दहा-बाराजण इथे उठून उभे राहायचे आणि गळा मोकळा सोडून म्हणायचे. तिथे मैदानावर कधीकधी बँड मध्येच थांबतो आणि लोक वाद्यांशिवाय तसेच पुढे म्हणत राहतात, जाड आवाज खालून, बारीक आवाज वरून, आणि कोणी कोणाला काही सांगितलेलं नसतं. खेळाडू म्हणजे दाराएवढे पुरुष, ते रडत असतात आणि डोळे पुसत नाहीत. आपलं राष्ट्रगीत आपण ताठ उभं राहून, नीट, वेळेत म्हणतो आणि मला ते आवडतं. हे प्रकरण निराळं होतं. त्यात 'देश' या अर्थाचा एक शब्द येतो, दोनदा, वर चढवून. तिथे पोचलं की आपणही उठावं असं वाटायचं आणि मी लाजून चटणीच्या वाटीकडे बघत बसायचो.

मग एकेकाचं काँट्रॅक्ट संपलं. इथल्या नोकऱ्या इथल्या पोरांना मिळायला लागल्या, ते बरोबरच आहे, आणि लाल शर्ट कमी कमी होत शेवटी तो एकटा उरला. गेल्या वर्षीच्या सामन्याला आम्ही दोघंच होतो. राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधी तो उठला, बाहेर जाऊन स्विमिंग पूलच्या कडेला माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि ते संपल्यावर आत आला. मला वाटलं सिगरेट. पुढच्या सामन्यालाही तेच, आणि मग माझ्या लक्षात आलं की सिगरेट तो कधीच सोडून बसलाय. या नोव्हेंबरात त्याचं फायनल एक्झिट लागलं, म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द, सामान बांधायचं आणि परत यायचं नाही. जायच्या तीन दिवस आधी सामना होता. कॅन्टीनमध्ये त्याला विचारलं, शेवटच्या वेळी तरी आत थांबणार ना. त्याने चमचा ताटात ठेवला. मग म्हणाला, "हे एकट्याने म्हणायचं गाणं नाही. एकट्याने म्हटलं की नुसते शब्द उरतात, आणि ते मला कळत नाहीत."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. पण खरंच त्याला त्याची भाषा येत नाही, आई. त्याच्या घरात ती बोलणारी आजी होती, वडिलांना समजायची, आणि वडिलांनी ठरवलं की पोराला नोकरीला इंग्रजी लागेल, बाकीचं कशाला. "आजी बोलायची, वडिलांना कळायचं, मला फक्त गाता येतं," तो म्हणाला, आणि वर असंही म्हणाला की मैदानावर गाणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांची हीच गत असेल. शेवटच्या ओळीचा अर्थ तेवढा त्याला शाळेपासून पाठ आहे. आमची जुनी भाषा टिकून राहो, अशी ती ओळ आहे. ज्यांच्या तोंडून ती गेली तेच सगळे ती टिकावी म्हणून ओरडतात, आणि उच्चार चुकला म्हणून शेजारचा कोणी हसत नाही. हे ऐकलं आणि माझं जेवण थांबलं, कारण मला तू आठवलीस.

तू मध्य प्रदेशातल्या सागरची. बाबांची रेल्वेतली बदली तिकडे असताना तुमचं लग्न झालं आणि तू भुसावळच्या क्वार्टरमध्ये आलीस, तेव्हा तुझ्या तोंडात ळ नव्हता. बुंदेलखंडात तो नसतोच. ज्या गावात सकाळ-संध्याकाळ केळ्यांशिवाय बोलणं नाही त्या गावात तू 'केली' म्हणायचीस. पोळीला पोली, डोळ्याला डोला, आणि मला बाल. शाळेतली पोरं म्हणायची, तुझी आई तुला हिंदीत केस म्हणते. गंमत अशी की ज्या शेजारणी आपापल्या चुलीपुढे केळ्याला 'केय' म्हणायच्या त्याच तुझ्या 'केली'ला पदर तोंडाशी धरून हसायच्या. त्यांचा ळ हरवला होता, पण घरच्या घरी हरवला होता. एका गणपतीआधी तू कंबर कसलीस. कणीक तिंबताना मी तुला ऐकलंय: कावळा, फळा, गूळ, डोळा, पुन्हा कावळा. जीभ उलटी वळवून वळवून तू तो आणलास, अगदी ठणठणीत. आणि गणपतीच्या दिवशी व्हरांडाभर माणसं जमलेली असताना आत्याने विचारलं, वहिनी, दादा कुठेय, तर तू मोठ्या आवाजात उत्तर दिलंस, "ते बाजारात गेळे."

सगळा व्हरांडा हसला. आत्या तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि आत्या वाईट नव्हती, तुझ्या बाळंतपणात तिनेच तुझं सगळं केलं होतं. बाबा म्हणाले, हसू दे गं, आपलीच माणसं आहेत. तूही हसलीस. संध्याकाळी आरतीला मी तुझ्या शेजारी उभा होतो, आणि तू टाळ्या वाजवत होतीस, ओठ मिटलेले. पुढच्या वर्षीही. त्यानंतर मी तुला चारचौघांत गाताना ऐकलं नाही. आरतीत निम्मी माणसं चुकीचे शब्द म्हणतात, संस्कृताची पार वाट लावतात, आणि देव ते गेली कित्येक वर्षं चालवून घेतो आहे. तुझ्या एका ळ ला तेवढी जागा मिळाली नाही, याचा मला राग आहे. तेव्हा आला नव्हता. तो मला पन्नाशीत, परक्या देशात, कॅन्टीनमधल्या बिर्याणीसमोर आला.

तर मी त्याला म्हटलं, मी उभा राहतो तुझ्याबरोबर. तो म्हणाला, दोघांनी होत नाही. मग मी खेडच्या भाईंना धरलं. ते आमच्या स्टोअरला आहेत, रत्नागिरीकडचे, माझ्याशी मराठी बोलणारा प्लँटवरचा तो एकच माणूस, आणि त्यांचा आवाज बोटीवरून किनाऱ्याला ऐकू जावा असा. चौथा आमचा फिलिपिनो वेल्डिंग इन्स्पेक्टर, जो पाइपांवर टॉर्च मारतानाही गातो. दोन शुक्रवार माझ्या व्हिलात तालीम झाली. वेल्सचा माणूस एकेक शब्द सांगायचा आणि मी तो देवनागरीत उतरवायचो, भाईंना त्याचीच झेरॉक्स. आणि पहिल्याच दिवशी मी शोभा करून घेतली. तिसरी ओळ चालू असताना मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि फिलिपिनोला अतिशय नम्रपणे सांगितलं की तू बेसूर होतो आहेस. तो बिचारा गोंधळला. वेल्सचा माणूस खोकला येईपर्यंत हसला. तो पोरगा चुकत नव्हता, तो मुद्दाम चालीच्या वरच्या अंगाने वेगळे सूर लावत होता, जसे त्यांच्याकडे सगळेच लावतात. आपण चाळीसजण बसलो तरी चाळिसांचा एक आवाज व्हावा म्हणून धडपडतो, जरा कोणी बाजूला गेला की माना वळतात. त्यांच्याकडे प्रत्येकजण आपल्या गळ्याला झेपेल ती जागा शोधतो. खाणीतले कामगार दिवसभर जमिनीखाली राबून संध्याकाळी असंच गात बसायचे, आणि आजही तिकडे अंत्ययात्रेला आलेले लोक आपसूक चार आवाजांत वाटले जातात, असं तो सांगत होता. मी माझ्यापुरता चालीला चिकटून राहिलो. वय झाल्यावर माणसाने फार धाडस करू नये.

शब्द मात्र अवघड. त्यांच्या भाषेत एक ल आहे, तो आपला ल नाही आणि ळ तर नाहीच. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवायचं आणि हवा गालाच्या बाजूने सोडायची, मांजर फिस्कारल्यासारखी. भाईंनी चार वेळा प्रयत्न केला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिवलाव बरां साहेब, पण ह्यो मधलो आवाज तोंडात काय बसत नाय." माझी तीच अवस्था. मी चिडून वेल्सच्या माणसाला म्हटलं, आता तू आमचा ळ म्हणून दाखव. त्याने 'केळं' म्हणायचा प्रयत्न केला, आणि आई, तो 'केलं' म्हणाला, अगदी तुझ्यासारखं, मान जरा खाली घालून. भाई हसले. मी उठून चहा टाकायला आत गेलो आणि साखर कुठे ठेवलीय ते मला काही वेळ सापडेना. माझी मुलगी चार वर्षांची असताना पहिल्यांदा 'बाबा, केली' म्हणाली तेव्हाही माझं असंच झालं होतं. इथल्या शाळेत हिंदी-इंग्रजीच्या गर्दीत तिचा ळ कधी रुजलाच नाही. बायको तिला सुधारायची, मी कधी सुधारलं नाही. तो फिस्कारणारा ल आमच्या त्या कडव्यात एकदाच येतो, आणि ज्या शब्दात येतो त्याचा अर्थ 'त्यांनी गमावलं' असा आहे. हेही त्याला शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं तेवढंच आठवत होतं.

शनिवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर आम्ही क्लबहाऊसला गेलो. चारपाच दक्षिण आफ्रिकेचे आणि इंग्लंडचे लोक आधीच बसलेले, फोनमध्ये डोकं घालून. भाईंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वेल्सचा माणूस लाल शर्टात आला, आणि ऐनवेळी तोच बाहेर निघून जाईल अशी मला धास्ती वाटत होती. टीव्हीवर संघ रांगेत उभे राहिले तेव्हा त्याची नजर खरोखरच दाराकडे गेली. भाई उठून त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले, सहज, हात मागे बांधून. मग आम्ही सगळे उभे राहिलो. सुरुवात त्याने केली, खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखी. फिलिपिनोने वर जागा धरली, भाई खालून आले, आणि मी मधे कागद धरून. इथे आम्ही मराठी लोक गणपतीत जेद्दाला कोणाकडे तरी जमून आरती म्हणतो ती खिडक्या लावून, झांजांना रुमाल गुंडाळून; कोणी सांगितलंय म्हणून असं नाही, सवय होऊन गेलीय. इतक्या वर्षांत मी या देशात चारचौघांत मोठ्याने काही म्हटलंच नव्हतं. माझा आवाज कसा आहे तेच मी विसरलो होतो. तो शब्द आला. मी हवा सोडली आणि तोंडातून साधा, सरळ, सागरचा ल बाहेर पडला. कोणी वळून पाहिलं नाही. म्हातारा माझ्याशेजारी रडत होता आणि गात होता, दोन्ही एकदम, आणि त्याचा सूर हलत नव्हता.

मग तो देश देश असं म्हणणारा भाग आला आणि मला कागद दिसेना. चाल पुढे चालली होती, सगळे वर चढत होते, थांबणं शक्य नव्हतं, आणि माझ्या तोंडात शब्दच नव्हते. तर तुझे आले. मला ते येतात हे मला ठाऊक नव्हतं, आई. रॉकेलचा स्टोव्ह पंप मारून पेटवला की त्याची घरघर सुरू व्हायची, आणि तिच्या आडून तू स्वयंपाकघरात गायचीस, तुझ्या बोलीत, आपल्याला कोणी ऐकत नाही अशा खात्रीने. स्टोव्ह विझला की तूही थांबायचीस. मी दाराबाहेर पाटावर बसून गणितं करायचो. त्या गाण्याचे तीन-चार शब्द, मधे 'उरैया' असं काहीतरी, त्यांच्या राष्ट्रगीतात बरोबर बसले नाहीत, पण मी ते बसवले, आणि शेवटच्या लांब सुरापर्यंत मोठ्याने म्हणत राहिलो. संपलं तेव्हा इंग्लंडच्या एकाने फोन खाली ठेवला होता. सामना वेल्स हरलं, वाईट हरलं, आणि म्हाताऱ्याने समोसे खाल्ले.

मंगळवारी मी त्याला जेद्दाच्या विमानतळावर सोडायला गेलो. वाटेतला थुवालचा फाटा मागे पडेपर्यंत तो पासपोर्ट आणि तिकीट पुन्हा पुन्हा तपासत राहिला. मग म्हणाला, "शेवटी तू काहीतरी वेगळंच म्हणत होतास." ज्यांच्याकडे शेजाऱ्याचा सूर ऐकत ऐकत गायची रीत आहे त्या माणसाच्या कानाला हे चुकणार नव्हतंच. मी म्हटलं, शब्द विसरलो, माफ कर. तो म्हणाला, माफी कसली, तू होतास ना तिथे. थोड्या वेळाने त्याने विचारलं कुठली भाषा. मी म्हटलं, माझ्या आईची. अर्थ काय, हे त्याने विचारलं नाही. त्याच्यासारख्या माणसाने ते विचारलंही नसतं. विमानतळावर त्याने मला मिठी मारली, जड बॅग स्वतःच उचलली, आणि गेला. त्याला घ्यायला तिकडे कोण येणार होतं ते मी विचारलं नव्हतं.

आज शुक्रवार आहे, सुट्टी. सकाळपासून ते शब्द म्हणून बघतोय. चाल नीट येते, शब्द तीन-चारच, पुढची ओळ नाही. मला हिंदी येते, पण ही हिंदी नव्हे, ही तुझी बोली, आणि ती तू मला दिली नाहीस, कारण मला भुसावळमध्ये राहायचं होतं. सागरला धाकटे मामा अजून आहेत, ऐंशीच्या घरातले. कानाने अधू झालेत, पण फोनवर ओरडून बोललं की कळतं. त्यांच्याशिवाय तुझ्या माहेरचं आता कोणी उरलेलं नाही. त्यांचा नंबर काढून ठेवलाय, आणि दोनदा हातात फोन घेऊन मी तो खाली ठेवला. मी विचारलं आणि त्यांनाही ते गाणं माहीत नसलं, तर मग ते कुणालाच माहीत नाही, एवढीच मला भीती वाटते, आई.